प्रमाणपत्र आणि प्रमाण

आमच्या देवघराशेजारच्या कपाटांत कागदपत्रांचा एक खण आहे. घराचा उतारा, मुलांचे जन्मदाखले, विम्याच्या पावत्या आणि एका जुन्या स्कूटरचीं कागदपत्रें त्यांत वर्षानुवर्षें नीट लावून ठेवलेलीं आहेत. जन्मभर मास्तरकी केल्यामुळें, कागद जागच्या जागीं असला कीं काम झालें, अशी एक समजूत माझ्या हाडींमासीं खिळून गेली होती. ती किती फसवी आहे हें मला २०२२ सालच्या पावसाळ्यांत कळलें. ती हकीकत व तिजवरून सुचलेले कांहीं विचार आज वाचकांपुढें ठेवीत आहें. कारण ज्यांच्या ओसरीवर एखादी जुनी स्कूटर, लूना किंवा लहान मोटारसायकल उभी नाहीं, अशीं घरें आपल्या समाजांत अजूनही थोडींच सांपडतील.

ही स्कूटर मीं १९९२ सालीं घेतली. टू-स्ट्रोक इंजिन, डाव्या मुठींत गिअर, उजव्या पायाखालीं मागचा ब्रेक आणि बाजूस स्टेपनी, असें तें त्या काळचें सर्वपरिचित वाहन. तिजवरून मीं तीस वर्षें शाळेंत गेलों आणि आईच्या अखेरच्या आजारांत दवाखान्याच्या खेपाही तिजवरूनच घातल्या. पुढें घरांत नव्या गाड्या आल्या, तरी हिला काढून टाकावी असें कोणाच्याही मनांत आलें नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८ यांतील ४१ व्या कलमाप्रमाणें खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षें चालते. त्यापुढें गाडी तपासून घेऊन ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. लोक यालाच ‘पासिंग’ म्हणतात. त्याप्रमाणें २००७, २०१२ व २०१७ असें तीनदां पासिंग झालें, आणि चवथें आलें २०२२ सालीं. त्या वर्षीं एप्रिलपासून दुचाकीच्या नूतनीकरणाचें शुल्क ३०० रुपयांवरून १,००० रुपये झालें होतें. घरांत थोडी कुरकुर झाली. पण मीं गाडी धुऊनपुसून तपासणीस नेली. अधिकाऱ्यांनीं चेसिसचा क्रमांक ताडून पाहिला, दिवे लावावयास सांगितलें, हॉर्न वाजवून घेतला, टायरकडे नजर टाकली, आणि मजकडून गाडी थोडें अंतर चालवून ब्रेक दाबावयास लाविलें. गाडी जागच्या जागीं थांबली. पसंती मिळाली. कागद मीं खणांत ठेवला आणि २०२७ पर्यंतची चिंता मिटली, असें रात्रीं पानावर बसल्यावर सर्वांस सांगितलें.

त्यानंतर पांच आठवड्यांनीं, एका सकाळीं, माझ्या पुतण्याची बायको आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घेऊन शाळेकडे निघाली. आमच्या पिढीनें लावून ठेवलेल्या वाईट संवयीप्रमाणें मुलगा पुढें फूटबोर्डवर उभा; डोक्यावर शिरस्त्राण नाहीं. नदीच्या पुलाकडे उतरणारा रस्ता ओला होता. तिनें पाय दाबला तों ब्रेक ‘टक्’ असा आवाज करून फळीला टेंकला, आणि गाडी तशीच पुढें चालली. सुदैवानें सूनबाई धीराची. तिनें गिअर खालीं घेतला, हातचा ब्रेक बेताबेतानें आंवळला आणि रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगांत गाडी घातली. मुलाची हनुवटी हँडलवर आपटली. तीन टांके पडले. एवढ्यावर निभावलें. घरीं आल्यावर ती मला रागावून कांहींच बोलली नाहीं. फक्त म्हणाली, “काका, गाडी परवांच पास झाली होती ना?”

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. 

त्याच संध्याकाळीं गॅरेजांतील मिस्त्रीनें गाडी आडवी केली आणि मागच्या चाकाजवळ, जेथें ब्रेकची वायर दांडीला आंवळलेली असते, तेथला चिखल व ओंगण पुसून काढलें. तुटलेलें टोंक त्यानें माझ्या तळहातावर ठेवलें. बारीक तंतू पिळून ती वायर केलेली असते. त्यांतील बहुतेक तंतूंचीं टोंकें काळीं व गंजलेलीं होतीं. थोडींच तेवढीं चकचकीत होतीं. “गुरुजी,” तो म्हणाला, “हे काळे तंतू मागेंच कधीं तरी तुटलेत. हे चकचकीत तेवढे आज तुटले. वायर एका दिवसांत तुटत नसते.” म्हणजे ज्या दिवशीं गाडी पास झाली त्या दिवशींही ती वायर बरीचशी तुटलेलीच असली पाहिजे, आणि ब्रेक मात्र उत्तम लागत होता!

आतां येथें कोणी लबाडी केली काय? अधिकाऱ्यांनीं पैसा मागितला नाहीं, मीं दिला नाहीं. त्यांनीं ब्रेक पाहिला, तो लागला, तसें त्यांनीं लिहिलें. मीं तरी कोणतें व्यंग झांकून ठेवलें होतें? सर्वांनीं आपापलें काम केलें होतें, सर्व कागद खरे होते, आणि तरीही मूल त्या उतारावर दैवाच्या हवालीं झालें होतें. तपासणींतील लांचलुचपतीविषयीं आपण नेहमीं बोलतों, व तें योग्यच आहे. परंतु सर्व माणसें सचोटीचीं असलीं तरी तपासणी कोठें लंगडी पडते, हा त्याहून सूक्ष्म प्रश्न आहे, आणि त्याचा विचार क्वचितच होतो.

मला स्वतःला हा प्रश्न शाळेच्या अनुभवावरून उलगडला. वार्षिक तपासणीस अधिकारी येणार म्हटलें कीं आम्हीं काय करीत होतों? मुलांचीं नखें कापलेलीं, भिंतीवर नकाशा टांगलेला, हुशार मुलें पुढच्या बांकांवर. साहेब पांच प्रश्न विचारीत, पांचही उत्तरें बरोबर येत, आणि ‘वर्गाची तयारी समाधानकारक’ असा शेरा पडे. त्यांत एक अक्षर खोटें नसे. पण खिडकीजवळच्या शेवटच्या बांकावर जो मुलगा होता, ज्याला वर्ष संपत आलें तरी जोडाक्षर वाचतां येत नव्हतें, त्याला कोणी प्रश्नच विचारला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशीं वर्ग पुन्हां पूर्ववत् होई. साहेबांनीं वर्ग पाहिला हें खरें. पण पाहिला तो त्या दिवसाचा वर्ग, आणि तोही पुढच्या बांकांपुरता. धुऊनपुसून नेलेल्या माझ्या स्कूटरची गोष्ट याहून वेगळी नव्हती. ती वायर म्हणजे शेवटच्या बांकावरचा मुलगा होता.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असतें कीं ज्ञानाचीं साधनें, म्हणजे प्रमाणें, चार मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपण जें जाणतों तें शब्दप्रमाण. सरकारी दाखला हें शब्दप्रमाणच होय. मीं गाडीच्या पोटांत डोकावलों नाहीं, दुसऱ्यानें पाहून सांगितलें तें मानलें. पण शब्दास प्रामाण्य केव्हां येतें? सांगणारा आप्त असेल तेव्हां. आणि आप्त कोण? ज्यानें वस्तु आहे तशी जाणली आहे, व ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. येथें अटी दोन आहेत: एक सचोटीची, दुसरी ज्ञानाची. आपण सदैव पहिलीवरच वाद घालतों. माझ्या गाडीच्या बाबतींत पहिली अट पुरी झाली होती. दुसरी झाली नव्हती, आणि थोड्या मिनिटांच्या पाहणींत ती पुरी होणें शक्यही नव्हतें.

दाखला कोणत्या गोष्टीविषयीं बोलतो हेंही आपण नीट वाचीत नाहीं. प्रदूषणाच्या दाखल्याचेंच पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमानें गाडी एक वर्षाची झाल्यावर हा दाखला लागतो. जुन्या गाडीस तो सहा महिन्यांनीं, आणि भारत-४ किंवा त्यापुढील मानकांच्या गाडीस वर्षानें नवा करावा लागतो. इंजिन जागच्या जागीं मंद चालू ठेवून, सायलेन्सरमध्यें नळी घालून, बाहेर पडणाऱ्या वायूंतील कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीस मोनॉक्साइड शेंकडा ४.५ व हायड्रोकार्बन दहा लाखांत ९,००० भाग इतकी मुभा आहे. त्यानंतर, परंतु भारत-४ पूर्वीं, बनलेल्या टू-स्ट्रोक गाडीस हीच मर्यादा शेंकडा ३.५ व ६,००० भाग अशी आहे. म्हणजे जुन्या व नव्या विद्यार्थ्यांस उत्तीर्ण होण्याचे गुणच निराळे! शिवाय माप घेतात तें इंजिन मंद चालतांना. दोन माणसें घेऊन चढ चढणारी गाडी काय ओकते हें त्यांत येत नाहीं. कारबोरेटरचा स्क्रू थोडा फिरविला कीं मंद चालीवरचा आंकडा बदलतो, आणि तपासणीनंतर तो पुन्हां पूर्वस्थळीं नेतां येतो. आणि सर्वांत महत्त्वाचें असें कीं हा दाखला ब्रेक, टायर किंवा हँडल यांविषयीं एक शब्दही बोलत नाहीं. तरी ‘पी. यू. सी. आहे, म्हणजे गाडी ठीक आहे’ असें सुशिक्षित माणसें सहज बोलून जातात.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. जन्मांत मीं एकाही विद्यार्थ्यास उत्तरपत्रिका न वाचतां गुण दिला नाहीं, याचा मला अभिमान असे. परंतु एकदां, घरच्या कार्याच्या गडबडींत, इंजिन सुरू न करतांच हा प्रदूषणाचा दाखला मीं मागून घेतला. देणाऱ्यानें दिला. घरीं येतांना मनाला टोंचणी लागली नाहीं, उलट अर्धा तास वांचल्याचा आनंदच झाला. न वाचलेल्या उत्तरपत्रिकेवर गुण मागणारा विद्यार्थी त्या दिवशीं मीच होतों. देणाऱ्यास नांवें ठेवण्यापूर्वीं मागणाऱ्यानें आरशांत पाहावें, हें बरें.

कोणी म्हणतील, मग जुन्या गाड्या मोडीतच कां काढूं नयेत? वय हेंच दोषाचें गमक धरावें. या मार्गाचाही अवलंब झाला आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१४ सालीं दिल्लींत पंधरा वर्षांहून जुन्या वाहनांस रस्त्यावर मनाई केली, आणि तेव्हांपासून तो वाद न्यायालयांत व लोकांत गाजत राहिला. धुरापुरतें पाहिलें तर या अनुमानांत पुष्कळ तथ्य आहे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाची रचनाच अशी कीं पेट्रोल व ऑइल यांचा कांहीं भाग न जळतांच बाहेर पडतो. पण ‘जुनी आहे, म्हणून ती थांबणार नाहीं’ असें अनुमान केलें तर तर्कशास्त्री त्यांत हेत्वाभास दाखवितील. धूर पाहून अग्नि ओळखतां येतो, कारण अग्नीवांचून धूर नसतो. परंतु वार्धक्य तेथें ब्रेकचा बिघाड, अशी अव्यभिचारी सोबत नाहीं. तीस वर्षांची जपलेली स्कूटर पांच वर्षांच्या हेळसांडलेल्या स्कूटरपेक्षां चांगली थांबते, हें कोणताही मिस्त्री सांगेल. शिवाय या वयाच्या हिशेबानें एक उलटी गोष्टही झांकली जाते. आपल्याकडे खासगी दुचाकी विकत घेतल्यापासून पहिलीं पंधरा वर्षें तिचे ब्रेक नेमानें कोणी पाहावे अशी सक्तीच नाहीं. भाड्यानें चालणाऱ्या वाहनास आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनीं व पुढें दरवर्षीं योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. घरच्या स्कूटरला मात्र पंधराव्या वर्षापर्यंत शब्दप्रमाणही नाहीं!

या बाबतींत ग्रेट ब्रिटनची रीत पाहण्यासारखी आहे. तेथें १९६० सालीं गाड्यांची सक्तीची तपासणी सुरू झाली ती दहा वर्षांहून जुन्या वाहनांपुरती. १९६७ पर्यंत ही मर्यादा तीन वर्षांवर आली. आज तेथें मोटारसायकल किंवा स्कूटर तीन वर्षांची झाली कीं दरवर्षीं तपासणीस न्यावी लागते. मात्र मे २०१८ पासून, चाळीस वर्षांहून जुनीं व मूळ स्वरूपांत फारसा बदल न झालेलीं वाहनें या सक्तींतून मोकळीं केलीं आहेत. त्यांची नीट निगा राखण्याची जबाबदारी कायद्यानें मालकावरच राहते. आणि तेथील सरकार स्वतःच लोकांस बजावतें कीं हा दाखला वर्षभर गाडी सुरक्षित राहील याची हमी नव्हे. तपासणीच्या दिवशीं ती किमान कसोटीस उतरली, एवढेंच तो सांगतो. इतकी स्पष्ट भाषा आपल्याही दाखल्यावर ठळक अक्षरांत छापली जावी असें मला वाटतें.

आपल्याकडेही सुधारणेचा प्रयत्न चालू आहे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं स्वयंचलित तपासणी-केंद्रांचे नियम केले. त्यांत ब्रेकची परीक्षा फिरत्या रुळांवर चाक ठेवून, किती जोर लागतो तें यंत्रानें मोजून होते. आणि जें केंद्र तपासणी करील त्यानें दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांचा धंदा करूं नये असाही निर्बंध आहे. ही मोठी इष्ट गोष्ट आहे. एकाच उत्तरपत्रिकेस दोन परीक्षक निराळे गुण देतात, हें मला पूर्ण ठाऊक आहे; यंत्रानें तो भेद पुष्कळ कमी होईल. तरी यंत्राविषयींही भाबडी श्रद्धा नको. यंत्र ब्रेकचा जोर मोजतें, वायरीचे तंतू मोजीत नाहीं. माझी ती अर्धवट तुटलेली वायर त्या रुळांवरही बहुधा उत्तीर्णच झाली असती.

तेव्हां निष्कर्ष काय? चारही प्रमाणांत ज्येष्ठ मानलेलें जें प्रत्यक्ष, तें घरच्या माणसाच्या हातीं आहे, आणि तें आपण वापरीत नाहीं. कोणी म्हणेल कीं आम्हांस यंत्राचें काय कळतें? पण जुन्या लहान गाडीची रचना इतकी उघडी व साधी असते कीं तिच्या प्राणावर बेतणारे बहुतेक दोष डोळ्यांनीं दिसतात, नाहीं तर हातास लागतात. आम्हीं घरीं जी पद्धत बसविली आहे ती येथें देतों. महिन्यांतील पहिल्या रविवारीं, सकाळच्या चहानंतर, तीस पाऊण तासाहून अधिक वेळ लागत नाहीं.

प्रथम गाडी चालत्या पावलाच्या वेगानें ढकलावी आणि पुढचा व मागचा ब्रेक एकेकटा लावून पाहावा. दोन्ही एकदम लावले तर एकाचा आजार दुसरा झांकतो. मुठींतील दांडा हँडलला टेंकेपर्यंत दाबावा लागत असेल, किंवा वायर पुष्कळ ताणूनही ब्रेक पोंचत नसेल, तर ड्रममधील लायनर झिजले असें समजावें व चाक उघडून घ्यावें. नंतर बॅटरीच्या प्रकाशांत प्रत्येक वायरीचीं दोन्ही टोंकें पाहावीं. वायर मध्यें क्वचितच तुटते. जेथें ती वळते, जेथें तिला आंवळलेलें असतें, तेथेंच तिचे तंतू एकेक करून जातात. एक जरी तंतू सुटा दिसला तरी ती वायर त्याच दिवशीं बदलावी. उरलेले किती दिवस टिकतील याचा हिशेब करीत बसूं नये.

तिसरी गोष्ट हँडलची. गाडी मोठ्या स्टँडवर घेऊन मागें वजन द्यावें म्हणजे पुढचें चाक उचललें जातें. मग हँडल सावकाश दोन्ही बाजूंस फिरवावें. मधोमध तें किंचित् अडकल्यासारखें झालें, किंवा चाक मागेंपुढें हलविलें असतां हातास खडखड लागली, तर कोनसेट गेला असें जाणावें. चवथी गोष्ट टायरची. नियमाप्रमाणें दुचाकीच्या टायरवरील नक्षीची खोली ०.८ मिलीमीटरहून कमी असतां कामा नये. परंतु थोड्या चालणाऱ्या जुन्या गाडीचा टायर झिजण्याआधींच म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर चार आंकडी संख्या असते. ‘२३१९’ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला. नक्षी उत्तम असूनही बाजूस बारीक भेगा दिसूं लागल्या, तर त्याचें आयुष्य संपलें.

पांचवी गोष्ट स्कूटरवाल्यांनीं विशेष ध्यानीं धरावी. १९४६ सालीं इटलींत ज्या धर्तीची स्कूटर प्रथम बाजारांत आली तिचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानविद्येंतील अभियंता होता. त्यानें निराळा सांगाडा न ठेवतां पत्र्याचें अंगच भार वाहील अशी योजना केली. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरलेल्या पुष्कळ स्कूटरी याच घडणीच्या आहेत. म्हणून फूटबोर्डावरची रबरी चटई उचलून खालचा पत्रा पाहावा. तेथें गंज चढून पत्रा मऊ झाला असेल तर तो वरवरचा डाग नव्हे; घराची तुळई कुजल्यासारखें तें आहे. रंगाच्या एका हातानें तपासणीच्या दिवशीं तो झांकतां येतो, एवढेंच. शेवटीं पेट्रोलच्या नळीस चिरा आहेत काय तें पाहावें, कारण हल्लीं पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें व जुन्या रबरास तें मानवत नाहीं. मग सर्व दिवे लावून, ब्रेक दाबतांच मागचा तांबडा दिवा लागतो कीं नाहीं, हें कोणास तरी मागें उभें करून विचारावें.

या पद्धतींत खरी अडचण यंत्राची नसून एकत्र कुटुंबाची आहे. सामाईक गाडी चार जण चालवितात. ब्रेक सैल लागतो हें चौघांसही जाणवतें. आणि दुसऱ्यानें सांगितलें असेल असें समजून चौघेही गप्प राहतात. आमच्याही घरीं तेंच झालें होतें. माझ्या पुतण्याला त्या आठवड्यांत ब्रेक थोडा खोल जातोसा वाटला होता. माझ्या कानांवर तें अपघातानंतर आलें. म्हणून आतां दाराआड एक वही टांगली आहे. गाडी नेणाऱ्यास जें वेगळें भासेल तें त्यानें तारीख घालून लिहावयाचें, आणि त्याची शहानिशा होईपर्यंत गाडी कोणी न्यावयाची नाहीं, मग ती नेणारा घरांतला वडील कां असेना. महिन्याची पाहणी पाळीपाळीनें होते. या कामांत सर्वांत कडक परीक्षक निघाली ती सूनबाई. मागील वर्षीं एका टायरवरून तिनें मला स्वतःला बाजारांत जाण्यापासून अडविलें. “कागद ठीक असेल काका, टायर ठीक नाहीं,” एवढें एकच वाक्य ती बोलली. मीं निमूटपणें पिशवी घेऊन पायीं गेलों, आणि वाटेंत मनांत म्हटलें कीं ही परीक्षक लांच घेणार नाहीं.

पुढील नूतनीकरण २०२७ सालचें आहे. वीस वर्षांवरील गाड्यांचें शुल्क मध्यंतरीं आणखी वाढलें आहे, तें भरण्याची माझी ना नाहीं. पण त्या तारखेची वाट पाहण्याचें मात्र आम्हीं सोडून दिलें आहे. ज्या रविवारीं चटईखालचा पत्रा बोटानें दबेल, त्या रविवारीं ती गाडी, खणांतील कागदाची मुदत कितीही उरलेली असो, रस्त्यावरून कायमची उतरेल असें ठरलें आहे. तिजवर माझा जीव आहे हें घरांत सर्वांस ठाऊक असल्यामुळें हा निर्णय मीं माझ्या हातीं ठेवलेला नाहीं. तो सूनबाईच्या हातीं दिला आहे.

तो मुलगा आतां मोठा झाला आहे. हनुवटीखालीं टांक्यांची बारीक खूण राहिली आहे. तो पुढें उभा राहत नाहीं. मागच्या सीटवर, डोक्यांत शिरस्त्राण घालून बसतो. पहिल्या रविवारीं मात्र त्याचें काम ठरलेलें असतें. स्कूटरच्या मागें चार पावलांवर उभा राहून तो तांबड्या दिव्याकडे टक लावून पाहतो. मीं ब्रेक दाबतों, आणि तो मोठ्यानें ओरडतो, “लागला, आजोबा!” मग मीं वहींत तारीख घालतों आणि त्याच्या देखत सही करतों.